सहल कोणाची, ते आधी ठरवा

ताई, नमस्कार.

आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. मुलाच्या वर्गातला एक जण दिवाळीत खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जाऊन आला, तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. ह्यांचं म्हणणं, 'एकदाच खर्च करू, पण मोठं काहीतरी दाखवू. मे महिन्यात समृद्धीनं गाडी काढू, सुसाट जाऊ.' सासूबाई म्हणतात, 'लेकरू एवढंसं आहे, तिले काय समजते त्यातलं? उगाच उन्हातान्हात हाल.' त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. मुलगी तर मिक्सर लावला तरी कानावर हात ठेवते. मागे एका वाढदिवसाला अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस दिसला, तर घरी येईपर्यंत रडत होती. पुण्याची नणंद म्हणते, माझ्याकडे या, इथून सगळे जाऊ. मला जायचं आहे, पण एवढा पैसा घालवून सगळ्यांची फुगलेली तोंडं घेऊन परत यायचं, याची धास्ती वाटते. अजून दोन वर्षं थांबावं का?

– एक आई, नागपूर

नमस्कार.

थांबू नका, जा. फक्त या वर्षी खोपोलीला नको, कारनं नको आणि मे महिन्यात तर अजिबात नको. कुठं, कधी, कसं ते सांगते. त्याआधी तुमच्या पत्रातलं एक बोलून घेऊ.

तुमच्या घरात प्रत्येक जण वेगळीच सहल ठरवतो आहे. मुलाला मित्राच्या तोडीची सहल हवी आहे. तुमच्या ह्यांना स्वतःला रोलर कोस्टरवर बसायचं आहे (नाही म्हणतील, पण एकदा विचारून बघाच). सासूबाईंचा जीव नातीत अडकलेला आहे. तुम्ही सगळ्यांचा विचार करताय, त्यामुळे तुमचा विचार कुणीच करत नाही. अशी मंडळी एकत्र तिकीट खिडकीवर गेली की प्रत्येकाला एकाच दिवसात आपापला दिवस हवा असतो, आणि दुपारी चारच्या सुमारास कुणीतरी कुणावर तरी खेकसतं.

तेव्हा घरात मोकळेपणानं ठरवून टाका की ही सहल मुलाची आहे. सात वर्षांचं पोर मजा घ्यायला पुरेसं मोठं असतं आणि आईबाबांसोबत हिंडायला लाजण्याइतकं मोठं झालेलं नसतं. मुलीला यातलं पुढं फारसं आठवणार नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आतलं मोठेपणी क्वचितच कुणाला आठवतं, तेव्हा सासूबाईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण म्हणून तिला नेऊ नये असं काही नाही. तिला 'सगळं दाखवायची' जबाबदारी तुमच्या डोक्यावरून उतरली, इतकंच. तिला त्या दिवशी वेळेवर खाणं लागेल, दुपारची झोप लागेल, थोडं पाणी उडवायला लागेल आणि गोल फिरणारा एखादा घोडा लागेल. बाकी पार्क तिनं पाहिलं नाही तरी तिचं काही अडणार नाही.

आता टेप काढा. हे काम तिकीट काढायच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच कुणी करत नाही. मुलाला अनवाणी भिंतीला टाचा टेकवून उभं करा, डोक्यावर पाठ्यपुस्तक आडवं ठेवा, भिंतीवर खूण करून मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात उंची थोडी कमी होते. सात वर्षांचं मूल साधारण ११५ ते १२५ सेंटीमीटर भरतं, आणि मोठ्या राइड्सची किमान उंची बहुतेक ठिकाणी १२० ते १४० च्या दरम्यान असते. म्हणजे तुमचा मुलगा नेमका काठावर आहे. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. त्याच्याजवळ बसून यादी करा: यात बसता येईल, यात बाबांसोबत बसता येईल, यात पुढच्या वेळी. नाही हे घरी कळलं तर मूल अर्धा तास हिरमुसतं. तेच तासभर रांगेत उभं राहून कळलं, तर पुढचा सगळा दिवस गेला म्हणून समजा.

असा प्रसंग कोणत्याही सुट्टीत, कोणत्याही पार्कात बघायला मिळतो. फाटकाशी उंचीची पट्टी रंगवलेली असते. पोरगं तिला पाठ लावून मान ताणतं, टाचा हळूच वर जातात. राइडवाला मुलगा काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली आणतो. मग वडील सुरू होतात, 'अहो भाऊ, दोन सेंटीमीटरचाच तर प्रश्न आहे, मी बसतो ना सोबत.' मागची रांग कुरकुरते. ते पोरगं एकदा बापाकडे बघतं, एकदा पट्टीकडे, आणि त्याला वाटायला लागतं की चूक आपलीच आहे. जाड तळव्याचे बूट घालून नेणारे महाभागही असतात. तसं काही करू नका. मांडीवर येणारा दांडा आणि खांद्यावरून येणारी पकड ठरावीक मापाच्या शरीरासाठी केलेली असते. राइड झटक्यानं खाली येते तेव्हा अंग सीटवरून उचललं जातं आणि लहान शरीर दांड्याखालून निसटू शकतं. शिवाय या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कोवळी. सोबत बाप बसल्यानं यातलं काहीच बदलत नाही.

म्हणूनच या वर्षी खोपोली नको. इमॅजिका वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे पार्क महाराष्ट्रातल्या मोठ्या पार्कांत गणलं जातं आणि त्याचं खरं आकर्षण मोठ्या कोस्टरमध्ये आहे. त्या कोस्टरखाली उभं राहून इतरांच्या किंकाळ्या ऐकायला तुमच्या मुलाला आठेकशे किलोमीटर न्यायचं कशाला? मुलं या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. तीन-चार वर्षांनी तो १४० च्या आसपास येईल, मुलगीही सात-आठची होईल, तेव्हा नणंदेकडे उतरून खुशाल जा. आत्ता नणंदेला तसंच सांगा, तिला वाईट वाटणार नाही.

समृद्धीचं म्हणाल तर रस्ता झकास झाला आहे, वाद नाही. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते ठाण्याजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा सलग मार्ग मिळाला. आपल्याकडे तेव्हापासून जो तो 'आठ तासांत मुंबई' सांगत सुटला आहे. ते आठ तास साडेतीन वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे गाडीत नसतानाचे असतात. तुम्हाला दर दोन तासांनी थांबावंच लागेल. मे महिन्यात ते काँक्रीट तापून निघतं, टायर फुटण्याची भीती तेव्हाच सगळ्यात जास्त. एवढ्या प्रवासात एकाच माणसानं गाडी चालवायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात मुलांमागे पळायचं, हे तुमच्या ह्यांनाही झेपणार नाही. त्यांनी हट्ट धरलाच तर मुलांना मांडीवर घेऊन बसू नका. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा अचानक लागणाऱ्या ब्रेकची धास्ती जास्त बाळगा. पुण्याची वंदे भारत सुचवावी तर तीही बारा तासांची, सगळा दिवस बसूनच. इतका वेळ मुलीला एका खुर्चीत रमवणं म्हणजे डब्यातल्या सगळ्यांची परीक्षा.

माझं मत हैदराबादचं. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पहाटे सुटते, सव्वासात तासांच्या आसपास पोहोचवते. मुलीला झोपेतच उचलून न्या, बल्लारशाह येईपर्यंत ती डोळे चोळत उठेल आणि जेवणाच्या वेळेला तुम्ही मुक्कामी असाल. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना वेगळी जागा न घेता तिकीट लागत नाही, पण सात तास तिला मांडीवर घ्यायचं नसेल तर पूर्ण पैसे भरून सीट घ्या. तेवढे पैसे वाचवू नका. डब्यात पुरी आणि बटाट्याची कोरडी भाजी, दशम्या, थोडा मुरमुऱ्याचा चिवडा, गूळ घातलेली फल्लीदाण्याची चिक्की. आलूबोंडे मात्र नकोत. तळणीनं पोट जड झालं आणि गाडी डुलायला लागली की लहान मुलं ते सगळं आपल्याच मांडीवर परत करतात.

हैदराबादला दोन पर्याय समोर येतील. एक वंडरला. २०१६ पासून आहे, शहराबाहेर रिंग रोडलगत रविर्यालला. पाण्याच्या आणि कोरड्या अशा दोन्ही राइड्स एकाच आवारात आहेत आणि लहानांचा विभाग वेगळा. इथं मुलांचं तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. घरचं मोजमाप इथंही कामाला येईल. दुसरा पर्याय रामोजी फिल्म सिटी. १९९६ मध्ये उभी राहिली, जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. तिथं राइड्स कमी, बसमधून फिरणं आणि कार्यक्रम बघणं जास्त. एकट्या सासूबाईंचा विचार केला तर रामोजी बरं पडेल. पण सहल मुलाची ठरली आहे, तेव्हा वंडरला. दोन्ही करायचा मोह होईल, होऊ देऊ नका. सलग दोन दिवस पार्कात घालवलेलं कुटुंब गाडीत बसल्यावर एकमेकांशी बोलत नाही.

आता एक गोष्ट जी फक्त आपल्या विदर्भवाल्यांनाच जमते. उन्हामुळे आपल्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, जूनच्या शेवटाकडे. तेलंगणातल्या शाळा मात्र साधारण १२ जूनला सुरू होतात. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडची पोरं वर्गात बसलेली असतात आणि आपली मोकळी. त्यातला मधला वार धरा. मे महिन्यात रविवारी ज्या राइडला तासभर उभं राहावं लागतं, तिला तेव्हा पोरगं एकदा उतरून पुन्हा बसू शकतं. ऊनही उतरलेलं असतं. पावसाची सर आली तर पाण्याच्या राइड्सना काय फरक पडतो? विजा चमकल्या की सगळं थांबवतात, तेवढी तयारी ठेवा. हाच आठवडा खोपोलीला धरला असता तर कोकणातला पाऊस काय असतो ते कळलं असतं. तुमच्या शाळेची तारीख मात्र आधी बघून घ्या, सीबीएसईवाल्यांचं गणित निराळं असतं.

वार असे धरा. सोमवारी पोहोचायचं, जेवून झोपायचं, कुठंही जायचं नाही. मंगळवारी पार्क. बुधवारी उशिरा उठून सालारजंग म्युझियम. तिथलं ते प्रसिद्ध घड्याळ दर तासाला टोल देतं आणि त्यासाठी आतून एक इवलासा माणूस बाहेर येतो. मुलांपेक्षा सासूबाईच त्याच्यासमोर जास्त वेळ बसतील असं मला वाटतं. (शुक्रवारी म्युझियम बंद असतं, म्हणून हा क्रम.) गुरुवारी दुपारच्या वंदे भारतनं परत. मुक्काम सिकंदराबादला न घेता शहराच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला घ्या, म्हणजे पार्कचा दिवस टॅक्सीत जाणार नाही.

पार्काच्या दिवशी फाटक उघडायच्या आधी पोहोचा. आत शिरल्याबरोबर जी पहिली राइड दिसते तिथं सगळं गाव थांबतं. तुम्ही थांबू नका. मुलानं यादीत पहिली लिहिलेली राइड गाठा, मग ती कितीही आत असो. मुलगा आणि बाबा तिकडे, तुम्ही आणि मुलगी घोड्यांकडे. पहिल्या दोन तासांत मुलाच्या मनासारखं काहीतरी झालं की दिवसभर तो धाकटीशी समजूतदारपणे वागतो, हे मी लिहून देते. साडेअकराला जेवून घ्या. एकला जेवणाच्या रांगेत उभी असलेली भुकेली मुलं बघाल तेव्हा माझी आठवण येईल. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, लहान मुलांच्या खाण्याला सहसा सूट असते, तेव्हा मुलीचा डबा जवळ असू द्या. आत तिखट वाटलं तर इडली किंवा दहीभात शोधा.

एक ते तीन ही वेळ मुलीच्या झोपेची. घडीची बाबागाडी नेता आली तर न्या. ती नसली तर एसी असलेल्या ठिकाणी आळीपाळीनं बसा. 'आज राहू दे झोप, एक दिवसानं काय होते' असं घरातलं कुणीतरी नक्की म्हणेल. ऐकू नका. न झोपलेली साडेतीन वर्षांची मुलगी चार वाजता फरशीवर आडवी पडते, एक चप्पल पायात आणि एक हवेत, आणि मग पार्क कोणत्या कंपनीचं आहे याला अर्थ उरत नाही. झोप झाली की मग पाणी. पाण्यात उतरल्यावर तिच्यापासून हातभराच्या अंतरावर एक मोठं माणूस, तेही मोबाइल हातात नसलेलं. पाणी गुडघाभर असलं तरी. मग साडेचार-पाचला बाहेर. काही राइड्स राहतील. राहू द्या. तिकिटाचा पैसा फिटला पाहिजे म्हणून शेवटचे दोन तास ओढत नेलेली मुलंच तुमच्या पत्रातली फुगलेली तोंडं घेऊन घरी येतात.

पाण्याच्या कपड्यांचं आधी बघा. वॉटर पार्कात सुती कपडे, साडी, सलवार-कमीज घालून पाण्यात जाऊ देत नाहीत. नायलॉनचे किंवा लायक्राचे लागतात. तिथं भाड्यानं-विकत मिळतात, पण सीताबर्डीवरून आधीच घेतलेले स्वस्त पडतील आणि मापाचेही मिळतील.

यावरून सासूबाई. त्यांना न्यायचंच आहे, पण 'बाळाजवळ बसायला आजी आहेच' या हिशेबानं नेऊ नका. घराघरांत हे होतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. दिवसभर पिशव्या, चपला आणि झोपलेलं मूल सांभाळत बाकावर बसायला कुणाला आवडेल? त्यांना निघण्याआधीच विचारा, 'आई, तुम्हाला कशात बसायचं आहे?' आधी नाही म्हणतील. पुन्हा विचारा. घोड्यांच्या चक्रात किंवा हळू फिरणाऱ्या पाळण्यात साडी नेसून आरामात बसता येतं, आणि तिथं पुढं धरून बसवायला नातीलाही हक्काचं माणूस मिळतं. गुडघ्यांसाठी फाटकापाशी व्हीलचेअर मिळते का, हे फोन करून आधी विचारा. त्यांना आवडणार नाही, पण दुपारनंतर कामी येईल. मुलगी झोपलेली असताना तिच्याजवळ तुम्ही आणि हे आळीपाळीनं बसा. तुमचीही एक राइड ठरवून ठेवा, अगदी वेळ घालून.

मुलीच्या भीतीचं. तीन-चार वर्षांच्या मुलांना खरं आणि सोंग यातला फरक अजून पुरता कळत नाही. अस्वलाच्या आत माणूस आहे हे सांगून ती शांत होत नाही, कारण अस्वल तिच्यासमोर उभं असतं. पार्कात असे पोशाखवाले हमखास भेटतात. लांबून हात हलवायचा, जवळ जायचं की नाही ते ती ठरवेल. फोटोसाठी ढकलायचं नाही. मोठ्या आवाजासाठी मुलांच्या मापाचे कानावर बसणारे मफ मिळतात, ते एक जोड घ्या. आणि एक सापळा लक्षात ठेवा: अंधाऱ्या बोगद्यातून फिरवणाऱ्या, पडद्यावर काहीतरी अंगावर येणाऱ्या राइड्सना पुष्कळदा उंचीची अट नसते. म्हणून आईबाप बिनधास्त लहानग्यांना घेऊन शिरतात. अंगाला त्या सुरक्षित असतात, पण साडेतीन वर्षांच्या मुलीची रात्रीची झोप त्या घालवू शकतात. ती फाटकापाशी पोचल्यावर नाही म्हणाली तर नाही. मागची रांग काय म्हणेल याची पर्वा करू नका, त्या लोकांची आणि तुमची पुन्हा गाठ पडायची नाही.

याची रंगीत तालीम नागपुरातच होते. जाण्याआधीच्या दोन महिन्यांत एकेक करून बघा. रामन विज्ञान केंद्राचं तारांगण: अंधार होतो, आवाज घुमतो, दाराजवळची खुर्ची धरा आणि ती किती वेळ टिकते बघा. त्याच आवारात प्राचीन प्राण्यांचे मोठे पुतळे आहेत. तिथं मुलाला सांगा की आपल्या देशातल्या एका मांसाहारी डायनासोरचं नाव राजासॉरस आहे. त्याचे अवशेष गुजरातेत रहियोलीला सापडले, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि ज्या लमेटा नावाच्या खडकांच्या थरात ते सापडले त्याच थरातली डायनासोरची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला निघतात. इमॅजिकात याच राजासॉरसच्या नावाची होडीची राइड आहे. वर्गातला तो मित्र तिच्यात बसून आला असेल तर आपल्या पठ्ठ्यालाही त्याला सांगायला काहीतरी मिळेल, तेही खरंखुरं. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आणि तिथली छोटी आगगाडी ही मुलीची राइड. गोरेवाड्याची बससफारी हीसुद्धा तिचीच. आणि कुठं मीना बाजार लागलेला असेल तर आकाशपाळण्याजवळ दोघांनाही घेऊन जा. मुलगा खालून बघताना उत्सुक दिसतो की गप्प होतो, ते नीट पाहा. धिटाईच्या गप्पा मारणारी पुष्कळ मुलं पाळणा वर जाताना बापाचं मनगट सोडत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त ते मित्रांना सांगायचं नसतं, एवढं तुमच्या ह्यांना बजावून ठेवा.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. सकाळी हॉटेलातून निघताना दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यातला फोटो काढा. हरवलं तर 'निळा टीशर्ट होता बहुतेक' असं आठवत बसावं लागत नाही. मुलीच्या हातावर बॉलपेननं तुमचा नंबर, दोघांनाही एकच सूचना: आम्ही दिसलो नाही तर पळत सुटायचं नाही, गणवेशातल्या माणसाला सांगायचं. ओआरएसची पाकिटं, टोपी, जास्तीची चड्डी, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. जास्तीचे पैसे घेऊन रांग टाळणारी तिकिटं असतात, मधल्या वारी ती घेऊ नका. बाहेर पडायच्या वाटेवर खेळण्यांचं दुकान असतंच, ते मुद्दामच तिथं ठेवलेलं असतं. मुलाच्या हातात सकाळीच तीनशे रुपये द्या, 'यात काय ते घे, यापेक्षा जास्त नाही.' तो दुकानात वीस मिनिटं घालवेल, एकेक वस्तू उलटून किंमत बघेल, दोनदा ठेवून देईल. ती वीस मिनिटं त्याला राइडइतकीच आवडतात आणि तुमचा वाद वाचतो. मुलीसाठी एक फुगा पुरे.

ह्यांची समजूत कशी काढायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात दिसतंय. त्यांना इमॅजिका रद्द झालं असं सांगू नका, पुढं ढकललं असं सांगा, आणि वंडरलाची सगळ्यात उंच राइड कोणती ते त्यांनाच शोधायला लावा. बाकीचं ते स्वतःच जुळवतील.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. जूनच्या तिसऱ्या आठवड्याची गाडी हवी तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लॉगिन करून तयार राहा. ही गाडी मंगळवारी नसते, तेवढं बघून घ्या. परतीचं तिकीट साठ दिवसांच्या हिशेबानं तीन दिवसांनी उघडेल, त्याची आठवण फोनमध्ये आत्ताच लावून ठेवा. आणि सासूबाईंना डब्यातल्या वाटेकडची जागा घ्या, मधली नको. गुडघे आखडले की त्यांना उठून चार पावलं टाकावी लागतील.